४ जीबीच्या शेजारी ८ जीबी रॅम चालतंय काय? चालतंय की!

आमचे मामा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, शेती बघत बघत घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतात. त्यांचा कॉम्प्युटर वर्षभर असा रडत चाललेला की क्रोममध्ये कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलचं पान उघडलं, शेजारी एक कन्नड पीडीएफ आणि वर्डमध्ये कुणाचा तरी मराठी अर्ज उघडला की माउसचा बाण सुद्धा थांबून थांबून जायचा, आणि गिऱ्हाईक बाकड्यावर बसून जांभया द्यायचं. उघडून बघितलं तर ४ जीबी रॅम (चालू काम ठेवायची मेमरी), एकच पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा. मी म्हटलं, मामा ह्यात ८ ची टाकूया, १२ होतील. मामा लगेच म्हणाले, "एक चारची आणि एक आठची? जोडी सारखी नको काय रे? एक थोराड बैल आणि एक खोंड जुंपला तर नांगर वाकडाच जातोय."

बैलांचं खरंय, रॅमचं तसं नाही. पण ही समजूत एकट्या मामांची नाही. त्यांनी गावात एका दुकानात विचारलं तर तिथं पण हेच सांगितलं, जुनी काढा आणि ८-८ ची नवी जोडी घ्या म्हणून. आता २०२५ च्या शेवटापासून रॅमचे दर कसे चढलेत ते घ्यायला गेलेल्याला विचारा, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी चिपचा माल उचलायला लागल्यापासून आपल्यासारख्याला एक पट्टी घेताना पण दोनदा विचार करावा लागतोय. असल्या दिवसात चांगली चालणारी ४ जीबीची पट्टी काढून ड्रॉवरमध्ये टाकायची म्हणजे अति झालं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो, सारखं फोनवर सांगायला नको.

आधी एक बघा, रॅमच कमी पडायली काय? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतंय, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जावा. रोजचं काम चालू असताना मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क पण १०० ला टेकलेली असली तर रॅम संपून सगळा भार डिस्कवर जायलाय हे समजा. पण मेमरी ५०-६० वरच आहे आणि तरी मशीन मंद, आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, तर रॅमचे पैसे आधी एसएसडीला (न फिरणारी, चिपवाली फास्ट डिस्क) घाला, जास्त फरक पडेल. मामांच्या मशीनला एसएसडी आधीच घातलेली होती, तरी रडत होतं.

त्याच पानावर खाली आणखी माहिती असते जी लोक बघतच नाहीत. किती स्लॉट वापरात, २ पैकी १ असं लिहिलेलं असतंय, स्पीड असतो आणि फॉर्म फॅक्टर असतो. फॉर्म फॅक्टरमध्ये डीआयएमएम दिसलं तर डेस्कटॉपची लांब पट्टी, एसओडीआयएमएम दिसलं तर लॅपटॉपची आखूड. आणि "रो ऑफ चिप्स" असं काही दिसलं तर ती रॅम मदरबोर्डावरच (आतला मुख्य बोर्ड) चिकटवलेली आहे, ती काढता येत नाही. हा स्लॉटचा आकडा काही लॅपटॉपवर चुकीचा पण दाखवतो, त्यामुळं पैसे द्यायच्या आधी एकदा उघडून डोळ्यानं बघितलेलं बरं.

आता मुद्द्याचं. काय सारखं लागतंय आणि काय लागत नाही.

जनरेशन, म्हणजे रॅमची पिढी (डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५), सारखीच लागते, इथं तडजोड नाही. डीडीआर३ च्या बोर्डात डीडीआर३, डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर४. पट्टीच्या खालच्या बाजूला जी खाच असते तिची जागा प्रत्येक जनरेशनला वेगळी आहे, मुद्दाम केलीय, चुकीची पट्टी आत जाऊच नये म्हणून. तरी पण मी एकाला अंगठ्यानं जोर लावून डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ मध्ये कोंबताना बघितलंय, देवा. जात नसली तर जात नाही, थांबा. व्होल्टेज पण वेगळं, डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. आणि डीडीआर३ मध्ये एक पोटजात आहे, डीडीआर३एल, ती १.३५ व्होल्टवर चालते, स्टिकरवर पीसी३ च्या पुढं एल असतो. इंटेलच्या चौथ्या जनरेशनपासूनच्या डीडीआर३ लॅपटॉपला ही एलवालीच घ्या, साधी घातली तर बऱ्याचदा चालूच होत नाही. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम बेंगळुरूच्या एसपी रोडवर किंवा ऑनलाइन स्वस्तात दिसली म्हणून उचलू नका, साध्या डेस्कटॉपला ती उपयोगाची नाही.

साइज मात्र सारखी लागत नाही. कंपनी सारखी लागत नाही. स्पीड पण सारखा लागत नाही, फक्त दोन्ही पट्ट्या कमी स्पीडवालीच्या चालीनं चालतात, म्हणजे जुनी २४०० ची आणि नवी ३२०० ची असली तर दोन्ही २४०० ला. ह्यात नव्या पट्टीचं काही बिघडत नाही. आज दुकानात डीडीआर४ मागितली की बहुतेक ३२०० चीच हातात येते, मग लोक २४०० ची शोधत हुबळी, कोल्हापूर फिरतात, कशाला? ३२०० ची घ्या, ती खाली येऊन चालते. आणि प्रोसेसरची पण मर्यादा असतेच, मामांचा आय३ सातव्या जनरेशनचा, तो २४०० च्या वर जातच नाही, तिथं जोडीनं ३२०० ची घातली असती तरी तीच चाल.

स्टिकर वाचायची एक सोपी युक्ती. कधी कधी स्टिकरवर २४०० ऐवजी १९२०० असा भलामोठा आकडा असतो, घाबरू नका, त्याला ८ नं भागा, २४०० आला. १२८०० असलं तर १६००, २५६०० असलं तर ३२००. एका वेळी ६४ बिट म्हणजे ८ बाइट जातात म्हणून तो ८ चा हिशेब.

मग ती "जोडी" कुठनं आली? ती आली ड्युअल चॅनलमधनं, आणि हे जरा नीट समजून घ्या म्हणजे दुकानदारासमोर उभं राहता येईल. प्रोसेसरकडनं रॅमकडं जायला साधारण दोन वाटा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. २४०० च्या रॅमला एका वाटेनं सेकंदाला १९.२ जीबी जाऊ शकतात, दोन्ही वाटा चालू असल्या तर ३८.४. कागदावरचे आकडे आहेत हे, पण दुप्पट ते दुप्पट.

आता लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. दोन वाढपी आमटी वाढायलेत, एकाच्या बादलीत ४ लिटर आणि एकाच्या बादलीत ८ लिटर. दोघं बरोबरीनं वाढत गेले तर दोघांच्या मिळून ८ लिटर होईपर्यंत पंगत झपाट्यानं पुढं सरकते. नंतर पहिल्याची बादली रिकामी, राहिलेलं ४ लिटर दुसऱ्यानं एकट्यानं वाढायचं. पंगत उठत नाही, कुणी उपाशी राहत नाही, फक्त शेवटची चाल निम्मी. ४ आणि ८ च्या रॅमचं हेच होतं, १२ पैकी ८ जीबी ड्युअल चॅनल, वरचे ४ सिंगल. इंटेलनं ह्याला फ्लेक्स मेमरी नाव दिलंय आणि २००४ च्या ९१५ चिपसेटपासून ते आहे, म्हणजे वीस वर्षं जुनी गोष्ट, तरी आपल्याकडं अजून "जोडी सारखीच पाहिजे" चालूच आहे. एएमडीच्या मशीनवर पण वेगवेगळ्या साइजच्या पट्ट्या चालतात.

म्हणजे मामांच्या मशीनचा हिशेब काय झाला? आधी ४ जीबी, ती पण एकाच वाटेनं. नंतर ८ जीबी दोन्ही वाटांनी आणि वर ४ जास्तीचे. कुठल्याच बाजूनं तोटा नाही. आणि ते सिंगल चॅनलचे ४ जीबी किती पण हळू म्हणा, रॅम संपल्यावर विंडोज जे डिस्कवर ठेवतं त्याच्या कितीतरी पट फास्टच. रॅम कमी पडण्याइतकी मंद गोष्ट दुसरी नाही, चॅनलची काळजी त्याच्या नंतरची.

मग सारखी जोडी कुणी घ्यावी? ज्याला गेम खेळायचेत आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यानं. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स साध्या रॅमवरच जगतं, त्याला दोन्ही वाटा पूर्ण मिळाल्या तर फरक डोळ्याला दिसतो. झेरॉक्स, टायपिंग, टॅली, ब्राउझर, कॉलेजचं काम, ह्यात ४+८ आहे की सारखी जोडी आहे हे वापरणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळणार पण नाही.

चार स्लॉटवाला डेस्कटॉप असला तर आणखी गंमत आहे. तिथं पट्टी पट्टीशी जुळवायची नसते, वाट वाटेशी जुळवायची असते. समजा दोन ४ च्या आणि दोन ८ च्या पट्ट्या आहेत, तर एका चॅनलवर ४+८ आणि दुसऱ्यावर पण ४+८ असं लावा, १२ आणि १२, सगळी २४ जीबी ड्युअल चॅनलमध्ये. दोन्ही आठच्या एका चॅनलवर आणि दोन्ही चारच्या दुसऱ्यावर घातल्या तर १६ विरुद्ध ८ होऊन बसतंय, हीच ती चूक. तीन पट्ट्या असल्या, दोन ४ च्या आणि एक ८ ची, तर दोन चारच्या एका वाटेवर, आठची दुसऱ्या वाटेवर, ८-८ झालं, तीन पट्ट्यांत पूर्ण ड्युअल चॅनल! कुठला स्लॉट कुठल्या चॅनलचा हे बोर्डावर ए१, ए२, बी१, बी२ असं छापलेलं असतं, ए एक वाट आणि बी दुसरी. दोनच पट्ट्या असल्या तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

घ्यायच्या आधी बोर्डाची कमाल मर्यादा बघा. मामांचा एच११० बोर्ड, दोन स्लॉट, ३२ जीबीपर्यंत घेतो, प्रश्न नव्हता. जुना एच६१ असला तर १६ च्या वर नाही. आणि त्या एच६१ वर मी स्वतः एकदा फसलोय. ऑनलाइन डीडीआर३ ची ८ जीबी फारच स्वस्त दिसली, मागवली, लावली, स्क्रीन काळी ती काळीच. दोन दिवस बोर्डाला शिव्या घातल्या. मग बारीक अक्षरात वाचलं, ही फक्त एएमडीच्या बोर्डासाठी. तसली पट्टी वेगळ्या रचनेच्या चिप वापरून बनवलेली असते, इंटेलचे बोर्ड तिला ओळखतच नाहीत. डीडीआर३ स्वस्तात दिसली की एएमडी हा शब्द कुठं लपलाय काय ते आधी शोधा. आणि विंडोज ३२ बिटचं असलं, आपल्याकडच्या जुन्या डीटीपीच्या मशीनवर अजून सापडतं ते, तर ४ जीबीच्या वर कितीही रॅम घाला, ते बघणार पण नाही. सिस्टीमच्या माहितीत ६४ बिट लिहिलंय काय बघा, नसलं तर आधी विंडोज बदला.

बसवायचं काम दहा मिनिटांचं. नुसतं शटडाउन करू नका, शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा म्हणजे विंडोज अर्धवट झोपणार नाही, पूर्ण बंद होईल. मग स्विच बंद, वायर काढा, आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आत राहिलेला करंट उतरतो. कॅबिनेट आडवा ठेवा, रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा. ही स्टॅटिकची भानगड जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत जास्त, पावसाळ्यात कमी, तरी सवय असावी. पट्टी कडेनं धरा, सोनेरी भागाला बोट नको. स्लॉटचे कान बाहेर पाडा, काही बोर्डांना एकाच बाजूला कान असतो, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यानं सरळ दाबा. कान आपोआप वर येऊन टक् असा आवाज आला पाहिजे. डेस्कटॉपला जोर जरा लागतोच, बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटतो, पहिल्यांदा करणाऱ्याच्या छातीत धडधडतं. जुनी पट्टी पण ह्या निमित्तानं काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा आणि रबराचा चुरा झटका. जांबोटी, खानापूर साइडला पावसाळ्याचे चार महिने हवेतच ओल असते, दातांवर काळपट थर चढतो, निम्म्या "रॅम गेली" म्हणणाऱ्या मशीन एवढ्यावरच चालू होतात.

लॅपटॉपला जरा जपून. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, एका कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवा, लांब स्क्रू आखूडच्या जागी फिरवला तर वरनं फोड येतो. मागचं झाकण जुन्या एटीएम कार्डानं कडेकडेनं उचला. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर बोर्डावरनं सोडवायची, रॅमला हात नंतर. पट्टीच्या दोन्ही बाजूच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की ती तिरकी उभी राहते, नवी पण तशीच तिरकी आत सरकवायची, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत, मग खाली दाबायची, क्लिपा लागतात. दात अर्धे बाहेर दिसत असताना खाली दाबली तर लागल्यासारखी वाटते, पण लागलेली नसते.

पहिल्यांदा चालू करताना घाई करू नका. बोर्ड नवी रॅम ओळखायला वेळ घेतो, स्क्रीन काळी राहते, एकदोनदा आपोआप बंद-चालू होतं, डीडीआर५ ला तर काही मिनिटं पण लागतात. तेवढ्यात बटण दाबून बंद करणारे पुष्कळ आहेत.

तरी पण नाहीच आलं तर? लांब लांब बीप वाजायली तर रॅम नीट बसली नाही, काढून परत बसवा. मग नवी पट्टी एकटी लावून बघा, मग जुनी एकटी, मग स्लॉट बदलून, म्हणजे पट्टी खराब की स्लॉट खराब हे कळतंय. दोन्ही एकेकट्या चालतात आणि जोडीनं चालत नाहीत असं झालं तर बोर्डावरचा तो नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवा, बायोस, म्हणजे बोर्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, सगळं विसरून नव्यानं रॅम वाचतं. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम ठरलेल्या वाढीव स्पीडला पळवायची सेटिंग) चालू असलं तर बंद करा, वेगवेगळ्या पट्ट्यांना त्याची जबरदस्ती नको, बोर्डाला आपापलं ठरवू दे. आणि एवढं करून पण जमलं नाही तर मान्य करायचं, क्वचित काही पट्ट्यांचं पटत नाही. म्हणून बिल जपून ठेवा आणि घेतानाच दुकानदाराला विचारा, नाही चालली तर बदलून देणार काय.

चालू झालं म्हणजे काम संपलं असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये १२ दिसतात काय बघा, थोडे कमी दिसतात कारण ग्राफिक्स त्यातलं घेतं. "हार्डवेअर रिझर्व्ड" म्हणून तीन-चार जीबी गेलेले दिसले तर मात्र पट्टी परत काढून बसवा. सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या मेमरीच्या टॅबमध्ये चॅनलपुढं ड्युअल किंवा २ x ६४ बिट असं आलं पाहिजे. तिथं फ्रिक्वेन्सी १२०० च्या आसपास दिसली म्हणून दुकानदाराला फोन लावू नका, ते निम्मा आकडा दाखवतं, १२०० म्हणजेच २४००. शेवटी मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा, सकाळी एक पण एरर नको. मध्येच करंट गेला तर नुकसान काही नाही, परत पहिल्यापासनं चालू करायचं एवढंच.

मामांचं झालं त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा लॅपटॉप आला. ती व्हीटीयूच्या (बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) कॉलेजात, मोबाईल ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ उघडलं की लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा वाजायचा. ४ जीबी बोर्डावर चिकटवलेली आणि एका स्लॉटमध्ये ४ ची पट्टी, म्हणजे ८. इथं सारखी जोडी करायची म्हटली तरी करता येत नाही, चिकटवलेली ४ काय उपटायची? स्लॉटमधली ४ काढून १६ घातली, २० झाले. ती म्हणाली, "मामा, वीस असतंय काय कुठं? मैत्रिणी हसतील." मी म्हटलं हसू देत. आधी तिच्याकडं ८ जीबी ड्युअल चॅनल होती, आता पण ४ आणि १६ मधली ८ ड्युअलच आहे, वरचे १२ नवीन मिळाले. गेलं काहीच नाही. आता एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) चालू ठेवून क्रोममध्ये पंधरा टॅब उघडते.

मामांची मशीन पण पळते आता. फक्त विंडोज १० आहे आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, सातव्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, तो गुंता रॅमनं सुटत नाही, त्याचं वेगळं बघू. भाचीच्या लॅपटॉपमधली काढलेली ४ ची पट्टी बघून मामा म्हणाले, "ती माझ्यात घाल की, सोळा होतील." दोन स्लॉट भरले मामा, आणि ती लॅपटॉपची आखूड पट्टी आहे, तुमच्यात बसणारच नाही. तरी त्यांनी ती कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवलीय. डीडीआर४, २६६६ ची, चांगली चालणारी. कुणाच्या लॅपटॉपचा एक स्लॉट रिकामा असला तर सांगा.